ओझरला सुखोई बनतं, मग तशाच वेगाचं प्रवासी विमान का नाही?

तुम्ही विचारलंय की नाशिकजवळ ओझरला ध्वनीच्या जवळपास दुप्पट वेगाचं सुखोई लढाऊ विमान तयार होतं, तर शंभर माणसं बसवून तसंच विमान का काढत नाहीत? त्याच कारखान्यात नोकरी केली, म्हणून लिहितोय.

लढाऊ विमान तो वेग काही मिनिटांपुरताच गाठतं, तोही आफ्टरबर्नर पेटवून, म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीत जादा इंधन ओतून. हवाई दलाला तिकिटं विकायची नसतात. प्रवासी विमानाला तोच वेग तीन तास टिकवावा लागतो, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

कॉन्कॉर्ड या जुन्या प्रवासी विमानाने ते जमवलं होतं. आफ्टरबर्नर फक्त उड्डाणाला आणि ध्वनीचा वेग ओलांडताना, पुढे बंद. खरी करामत होती इंजिनापुढच्या हवेच्या तोंडात. हवा येणार ध्वनीच्या दुप्पट वेगाने, कॉम्प्रेसरला, म्हणजे इंजिनातल्या हवा दाबणाऱ्या चक्रांना, हवी ध्वनीच्या निम्म्या वेगाची. साडेतीनेक मीटरच्या अंतरात, हलत्या फळ्यांनी आघातलहरी (हवा एकदम दाबली जाऊन उठणाऱ्या लाटा) उभ्या करून ती मंद करायची आणि दाब मात्र वाया जाऊ द्यायचा नाही! त्या वेगाला एकूण रेट्याचा ६३ टक्के हिस्सा या तोंडाचाच धरतात.

तरी परवडलं नाही. अरुंद इंजिन वेगाला चांगलं, पण उड्डाणाला कानठळ्या बसवतं आणि इंधन पितं. आजची रुंद पंख्याची इंजिनं शांत नि काटकसरी, पण तेवढं रुंद तोंड ध्वनीपलीकडे रेटायचं तर हवेचा अडथळाच सगळा फायदा खातो.

मार्गांचंही त्रांगडं आहे. ध्वनीपलीकडे उडताना खाली ऐकू येणाऱ्या स्फोटासारख्या आवाजामुळे अमेरिकेने १९७३ मध्ये जमिनीवरून असं उडायला बंदी घातली. मुंबई–लंडन बहुतेक जमिनीवरूनच. मुंबई–दुबई समुद्रावरून खरं, पण वाचणार तासभर. आम्हाला नाशिकहून कसारा उतरून विमानतळ गाठायलाच चार तास लागतात.

अमेरिकेतली बूम कंपनी सध्या मधला मार्ग काढतेय: ध्वनीच्या १.७ पट वेग, ६० ते ८० प्रवासी, आफ्टरबर्नर नाही. त्यांचं छोटं चाचणी विमान जानेवारी २०२५ मध्ये ध्वनीपलीकडे गेलंही, पण जुन्या, तयार इंजिनांवर. मोठ्या विमानाच्या इंजिनाच्या कामातून रोल्स-रॉईस ही इंजिनं बनवणारी कंपनी २०२२ मध्येच बाहेर पडली. आता बूम ते स्वतः बनवतेय. मला धास्ती त्याचीच. सुखोईचा सांगाडा ओझरला जुळतो, इंजिन मात्र ओडिशात कोरापुटला बनतं. तो धंदाच वेगळा. तेव्हा बातम्यांतली चकचकीत चित्रं सोडा, ते इंजिन चाचणीच्या चौकटीवर पूर्ण जोराने तासन्‌तास चाललं का, एवढं बघा.