‘किन सिलेक्शन’ला ‘आप्तनिवड’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: माणसाच्या सामाजिक वागण्याची जीवशास्त्रीय कारणं सांगणाऱ्या लेखाचं भाषांतर करताना ‘किन सिलेक्शन’साठी ‘आप्तनिवड’ चालेल का?

शब्द सुटसुटीत आहे, पण फसवा. वधूनिवड म्हणजे वधूची निवड, संघनिवड म्हणजे संघाची. त्याच चालीवर ‘आप्तनिवड’ वाचली की कुणीतरी आप्त निवडतोय असं वाटतं. इथे निवडणारं कुणीच नाही. नातलगाला मदत केल्याने त्याच्याकडेही असलेल्या आपल्याच जनुकांच्या प्रती पुढच्या पिढीत वाढतात, एवढाच अर्थ.

दुसरी अडचण ‘आप्त’मध्ये. त्यात सोयरेही येतात. आपल्या ‘सगेसोयरे’ या जोडशब्दाने हा भेद नेमका पकडलाय: सगे रक्ताचे, सोयरे लग्नाने जोडलेले. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने १९६४ साली मांडलेल्या सूत्रात (मदतीची वृत्ती टिकायची तर नात्याचा अंश गुणिले नातलगाचा लाभ, हा मदत करणाऱ्याच्या खर्चापेक्षा जास्त हवा, दोन्ही संततीच्या संख्येत मोजायचे) जाऊ किंवा मेहुण्याचा अंश शून्य. अर्थात मामेबहिणीशी लग्न झालं असेल तर बायको सोयरी आणि सगीही!

‘सगोत्र’ तर नकोच. गोत्र बापाकडून येतं, त्यामुळे मामेभाऊ बाहेर पडतो. हिशेबात मात्र चुलत, मावस, आते, मामे सगळे सारखेच. दोघांच्या प्रत्येक सामाईक पूर्वजामार्गे पिढ्यांच्या पायऱ्या मोजा, दर पायरीला निम्मे करा आणि बेरीज घ्या. चुलतभावांत आजोबांमार्गे चार पायऱ्या, म्हणजे १/१६, आजीमार्गे तेवढेच, एकूण १/८. सख्ख्या भावांत १/२, मामा-भाच्यात १/४. म्हणजे मामेभावासाठी झळ सोसायची तर त्याचा लाभ आपल्या खर्चाच्या आठपटीहून जास्त हवा.

हा १/२ म्हणजे ‘निम्मी जनुकं सारखी’ असं लिहू नका. कुठल्याही दोन माणसांची जनुकं बहुतांशी सारखीच असतात. इथे मोजतात ती एकाच पूर्वजाकडून आलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता.

मी पहिल्या उल्लेखाला ‘रक्तसंबंधाधिष्ठित निवड’ लिहीन, पुढे सरळ ‘किन सिलेक्शन’. शब्द बोजड आहे, पण चकवत नाही. ‘हाफ सिब्लिंग’साठीही नुसतं ‘सावत्र’ पुरत नाही: आई किंवा बाप एक असेल तर १/४, पण दोघांनी आपापली मुलं घेऊन दुसरं लग्न केलं असेल तर ती मुलंही सावत्रच, आणि अंश शून्य. तिथे ‘एका पालकाकडून सख्खे’ असं फोडून लिहा.