तबला कपाटावर, मुलगा घरात

प्रश्न : आम्ही लंडनजवळ हॅरोला राहतो. मुलगा 24 वर्षांचा आहे, मागच्या वर्षी नोकरीसाठी एडिनबराला गेला. आठवड्यातले बरेच दिवस घरूनच काम असतं. लहानपणापासून तबला शिकला, गंधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा झाली आहे. आता तबला कपाटावर आणि कानात दिवसभर हेडफोन. मित्र कोण आहेत विचारलं तर ‘आहेत ना’ म्हणून विषय बदलतो. गणपतीला मंडळात ये म्हटलं तर कामाचं निमित्त सांगतो. तो एकटा पडलाय असं वाटतं. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे, पण आपल्याच मुलाचं काहीतरी चुकतंय असं मनात आणू नका. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2018 साली एकटेपणाची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा सारखं एकटं वाटतं असं सांगणाऱ्यांत म्हाताऱ्या माणसांपेक्षा 16 ते 24 वयाची मुलंच जास्त निघाली. तुमचा मुलगा नुकता त्या वयातून बाहेर पडतोय. शाळा-कॉलेजात मित्र शोधावे लागत नाहीत, रोज तीच तोंडं समोर येतात. नोकरी लागली, शहर बदललं की ते बंद होतं. त्यात ऑफिस घरातच.

मंडळाबद्दल आधी बोलते. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 सालचं. कितीतरी मराठी माणसांना या देशात पहिली घरं, पहिले मित्र तिथून मिळाले, त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण तुमचा मुलगा तिथून चारशे मैलांवर राहतो. वर्षातून एकदा आरतीला येऊन, काका-काकूंच्या ‘लग्नाचं काय?’ला उत्तरं देऊन त्याला मित्र मिळणार नाहीत. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी याचा हिशोब मांडलाय : नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले सुमारे 50 तास लागतात, जिवलग व्हायला 200 च्या वर. आणि नुसतं एकत्र काम केलेले तास त्यात फारसे धरता येत नाहीत. म्हणजे दर आठवड्याला ठरलेल्या वारी दोन तास तीच माणसं भेटली, तर सहा महिन्यांत पहिला टप्पा गाठता येतो. त्याला हवंय ते असं दर आठवड्याचं काहीतरी.

आता संगीत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढांचे गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे नवे वर्ग त्यांनी सात महिने पाहिले. गाणाऱ्यांची आपसांतली जवळीक पहिल्याच महिन्यात भराभर वाढली. सात महिन्यांनंतर मात्र बाकीचे वर्गही तिथवर पोचले होते. मला यातल्या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. बुजऱ्या माणसाला पहिले चार आठवडेच जड जातात, आणि एकत्र गाण्या-वाजवण्याने नेमके तेच सोपे होतात. हातात काम असतं, बोलायला विषय शोधावा लागत नाही. पण त्याला तबला नकोच असेल आणि सुतारकामाच्या वर्गाला जायचं असेल, तर खुशाल जाऊ द्या.

तबल्याबद्दल मला मनापासून एक सांगायचं आहे. आपल्या मुलांना आपण परीक्षेसाठी शिकवतो. पेशकार, कायदा, रेला असे ठरीव प्रकार लेहऱ्यावर, म्हणजे सारख्या फिरणाऱ्या सुरावटीवर, एकट्याने वाजवायचे, समोर परीक्षक. घरी पाहुणे आले की ‘वाजवून दाखव रे’. दहा-बारा वर्षं असं गेलं की मुलाच्या मनात वाजवणं म्हणजे कुणीतरी आपल्याला जोखणं असं पक्कं बसतं. चौघांत बसून, चहा पीत, कुणाच्या तरी सुरावटीखाली साधा ठेका धरण्यातली मजा त्याने घेतलेलीच नसते. तबल्याचा खरा जन्म तर साथीचा आहे!

आणि तुमचा मुलगा अशा शहरात राहतो, जिथे ही मजा रोज घेतली जाते. एडिनबराच्या फॉरेस्ट रोडवर सँडी बेल्स नावाचा जुना पब आहे. तिथे संध्याकाळी फिडल (म्हणजे व्हायोलिन), बासरी, ॲकॉर्डियन घेऊन लोक एका टेबलाभोवती बसतात आणि स्कॉटिश-आयरिश धून वाजवतात. स्टेज नसतं. जिग आणि रील हे त्यांचे नाचाच्या धूनचे प्रकार. जिग सहाच्या लयीत चालतो, म्हणजे आपल्या दादऱ्यावर बसतो. रील चारच्या लयीत, तिथे केरवा. मध्यमा झालेल्या मुलाला हे ठेके हातात आहेतच. अडचण सुराची. त्यांच्या बऱ्याच धून डी आणि जी या पट्ट्यांत असतात. त्याचा तबला काळी एकचा असेल तर अर्धा सूर चढवून पांढरी दोनला, म्हणजे त्यांच्या डीला, आणावा लागेल. गठ्ठे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, थोडे थोडे खाली घ्यायचे आणि मग गजऱ्यावर, म्हणजे तोंडाच्या कडेच्या विणीवर, हातोडी फिरवत सोळाही घरं मिळवायची. घाई केली तर जुनी पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटते. तबला एकदा पांढरी दोनला लागला की जीच्या धूनमध्येही तो पंचम म्हणून खपून जातो.

तिथला एक रिवाज त्याला ठाऊक हवा. पहिल्या दिवशी तबला न नेता नुसतं ऐकायला जावं. पुढच्या खेपेला, धून संपल्यावर, ‘मी ताल धरू का?’ असं विचारावं. तालवाद्य एका वेळी एकच बरं, असं ही मंडळी मानतात, त्यामुळे कुणी आधीच बोधरान (आयरिश डफ) वाजवत असेल तर थांबावं. पबमध्ये जायचं म्हणून तुम्ही बिचकू नका, लिंबूसरबत घेऊन बसणारेही तिथे असतात. पब नकोच असेल तर चाचणी न घेता सगळ्यांना सामावून घेणारे गायनवृंद या देशात गावोगाव आहेत.

तुम्ही दोघांनी काय करायचं? मित्र किती झाले हे विचारणं बंद करा. व्हिडिओ पाठव म्हणू नका, आणि त्याने पाठवलाच तर तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. फोनवर तबल्याचं बोलायचं तर ‘रियाज करतोस का?’ऐवजी ‘हल्ली काय ऐकतोस?’ असं विचारा आणि तो सांगेल ते खरंच ऐका. त्या हेडफोनमध्ये काय चाललंय हे आपण आई-बाप क्वचितच विचारतो.

झोप उडाली असेल, जेवणखाण सुटलं असेल, पूर्वी आवडायचं त्या कशातच रस उरला नसेल, फोन उचलणं बंद झालं असेल, तर मात्र हा सल्ला बाजूला ठेवा. सरळ गाडीत बसा आणि त्याच्याकडे जा. जीपीची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरची, वेळ घ्यायला लावा. स्कॉटलंडमध्ये 111 वर रात्री-अपरात्रीही मानसिक त्रासासाठी मदत मिळते, आणि जिवाची भीती वाटली तर 999. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि चारचौघांत कळेल म्हणून उशीर करण्यासारखं तर मुळीच नाही.

तसं नसेल, तर एक फोन त्याच्या हॅरोच्या तबल्याच्या गुरुजींना करा. त्यांनीच त्याला हाक मारू दे, तुमचं नाव न घेता. आणि कपाटावरच्या तबल्याची पुडी ढिली पडली असेल तर ती इथे कोण बदलून देतं, हेही त्यांनाच माहीत असेल. तबल्याचं तोंड किती इंचाचं आहे ते ते विचारतील. मोजायचं काम मुलावर सोडा.