नॉर्मन राजाच्या चर्चमध्ये अरबी अक्षरं कशी काय?

प्रश्न बहुधा इटलीच्या सिसिली बेटावरल्या पालेर्मोच्या राजवाड्यातील कॅपेला पालातिना या चर्चबद्दल आहे. हो, तिथल्या छतावर खरोखरच कूफी (अरबी लिपीची जुनी, कोनदार शैली) लिपीतली अरबी अक्षरं आहेत.

नॉर्मन लोकांनी, म्हणजे उत्तर फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या लॅटिन परंपरेच्या ख्रिस्ती योद्ध्यांनी, 1072 मध्ये पालेर्मो घेतलं, तेव्हा शहरावर दोन शतकांहून अधिक काळ मुस्लिम राजवट होती. बेटावर ग्रीक बोलणारे ख्रिस्तीही होते. 1130 मध्ये राजा झालेल्या दुसऱ्या रॉजरने कारागीर आणि कारकून दोन्ही अरबी, ग्रीक आणि लॅटिन अशा तिन्ही परंपरांतून घेतले. 1140 च्या सुमारास चर्च उभं राहिलं: लांबट सभामंडप लॅटिन धाटणीचा, घुमट आणि सोनेरी मोझेक (छोट्या रंगीत तुकड्यांची जडावचित्रं) बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या धाटणीचे, मोझेकमधला मजकूर ग्रीक आणि लॅटिन.

पण मान वर करून बघावं ते छत. लाकडी मुकर्नास, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखे एकाखाली एक लोंबणारे कोनाडे. त्यावर रंगवलेत वादक, नर्तकी, बुद्धिबळ खेळणारे, चक्क प्याले हातात घेतलेले लोक. चर्चमध्ये!

अनेकजण याला सर्वधर्मसमभाव म्हणतात. मला ते जरा भाबडं वाटतं. रॉजरला तिन्ही समाजांवर आपलाच वचक आहे हे दाखवायचं होतं. राजवाड्यातल्या जलघड्याळाचा 1142 चा शिलालेखही लॅटिन, ग्रीक, अरबी अशा तीन भाषांत आहे. घड्याळ गेलं, लेख तेवढा उरला.

वेळ असेल तर जवळचं मोनरेआलेचं कॅथेड्रलही बघा. ते रॉजरच्या नातवाने, दुसऱ्या विल्यमने बांधलं.