जुन्या स्पोर्ट्स कारसाठी कोणते ऑइल?

प्रश्न : माझ्या तीस वर्षे जुन्या स्पोर्ट्स कारच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-४० ऑइल सांगितले आहे. उन्हाळा पाहून उद्यमनगरातील मेकॅनिक २०डब्ल्यू-५० सुचवतात. काय करावे? (वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतील प्रवाहीपणा दाखवतो, १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांना होते, तेव्हा कोल्हापूरच्या हिवाळ्यात त्याची चिंता नको. महत्त्वाचा आहे तो दुसरा आकडा, कारण १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडची स्निग्धता (म्हणजे दाटपणा) १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स, तर ५० ग्रेडची १६.३ ते २१.९ असते. थर्मोस्टॅट इंजिनाचे तापमान बरेचसे स्थिर ठेवतो, त्यामुळे केवळ बाहेरच्या उकाड्यावरून ग्रेड बदलणे मला पटत नाही. गगनबावड्याचा घाट चढून आल्यावर, इंजिन पूर्ण तापलेले असताना, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइलचा दाब मोजून घ्या. तो पुस्तिकेतील मर्यादेत असेल, तर १०डब्ल्यू-४०च ठेवा. दाब कमी भरला, तर आधी गेज, पंप आणि बेअरिंग तपासा. झीज जाड ऑइलखाली झाकू नका, ही कळकळीची विनंती. पुस्तिकेत उष्ण हवामानासाठी २०डब्ल्यू-५० दिले असेल, तर मात्र ते निःशंक वापरा.