डब्लिनची ऑफर घेऊ का?

तू विचारलंस, डब्लिनमधल्या अमेरिकन कंपनीची ऑफर आहे, पण युरोप या कंपन्यांवर दंड आणि कर लावत सुटलाय, उद्या त्यांनी गाशा गुंडाळला तर? मी इथे सहा वर्षं आहे. दंडांच्या बातम्यांना घाबरून ऑफर सोडू नकोस.

अ‍ॅपलचंच बघ. 2016 मध्ये युरोपियन कमिशन म्हणालं, आयर्लंडने या कंपनीला बेकायदा करसवलत दिली, 13 अब्ज युरो वसूल करा. तर खुद्द आयर्लंड सरकारच हे पैसे नकोत म्हणून कोर्टात गेलं! सप्टेंबर 2024 मध्ये सरकार आणि कंपनी दोघंही हरले. अ‍ॅपल 1980 पासून आयर्लंडमधल्याच कॉर्क शहरात आहे, आजही तिथेच आहे. कंपनी कर 12.5 टक्के होता, 2024 पासून 75 कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या समूहांना तो 15 टक्के पडतो. तरी कुणी पळालं नाही.

उलट ग्राहकांच्या खाजगी माहितीबद्दलच्या युरोपच्या नियमांवरच माझं घर चालतं. फेसबुकवाल्या मेटाचं थ्रेड्स अ‍ॅप अमेरिकेत जुलै 2023 मध्ये आलं, युरोपियन युनियनमध्ये डिसेंबरमध्ये. नियमांमुळे असं काही अडतं तेव्हा आमच्यासारख्यांना काम असतं: कुठली माहिती कुठे साठते, ग्राहकाने परवानगी कधी दिली, पुसायला सांगितलेलं खरंच पुसलं जातं का, एकेक टेबल उघडून तपासायचं. मेटाला 2023 मध्ये 1.2 अब्ज युरोंचा दंड डब्लिनच्याच माहिती-संरक्षण नियामकाने ठोठावला, त्यामुळे हे काम इथे भरपूर आहे.

खरी भीती नोकरकपातीची. तो निर्णय अमेरिकेत होतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीला एका सकाळी ‘तुमचं पद धोक्यात आहे’ असा ईमेल आला. लॅपटॉप उघडा ठेवून ती कितीतरी वेळ नुसती बसून होती. क्रिटिकल स्किल्स परमिटवर (टंचाई असलेल्या कौशल्यांसाठीचं वर्क परमिट) असताना कपातीत नोकरी गेली तर 28 दिवसांत सरकारी खात्याला कळवायचं, मग नवी शोधायला सहा महिने मिळतात. तिला चौथ्या महिन्यात मिळाली. पण कायद्याने मिळणारी भरपाई दोन वर्षं नोकरी झाल्याशिवाय लागू होत नाही, हे लक्षात ठेव.

आणि घरभाडं! पगाराचा आकडा बघून हुरळू नकोस, वरच्या टप्प्यावर आयकरच 40 टक्के आहे. सही करण्याआधी एचआरकडून दोन गोष्टी लेखी घे: परमिट क्रिटिकल स्किल्सचंच आहे ना, आणि पहिला महिना राहायची सोय कंपनी करणार का.