वाचकांचे प्रश्न : युद्ध पेटले की खेळाचे पैसे कुठे अडकतात?

युद्ध, निर्बंध आणि व्हिसा यांचा व्यावसायिक खेळावर काय परिणाम होतो, याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षामुळे आयपीएल आठवडाभर थांबली. सामने नंतर झालेच, मग नुकसान नेमके कोणाचे आणि कसले झाले?
— एक वाचक, राजारामपुरी

सामने झाले, म्हणूनच नुकसान आवाक्यात राहिले. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आहेत. ही किंमत ४१० सामने धरून ठरली, म्हणजे एका सामन्यामागे साधारण ११८ कोटी. त्यापुढे तिकीटविक्री किरकोळ ठरते. सामना रद्द झाला तर हा आकडाच वादात सापडतो, म्हणून क्रिकेट मंडळाचा सगळा आटापिटा उरलेले सामने कसेही करून खेळवण्यासाठी होता.

८ मे रोजी धर्मशालेत पंजाब-दिल्ली सामना ११व्या षटकात थांबला. परिसरातले विमानतळ बंद होते. खेळाडूंना बसने जालंधरला आणि तिथून खास वंदे भारत गाडीने दिल्लीला आणावे लागले. १७ मे रोजी स्पर्धा पुन्हा सुरू झाली ती उरलेल्या १७ पैकी १३ साखळी सामने फक्त सहा शहरांत ठेवून. अंतिम सामना २५ मेच्या कोलकात्याऐवजी ३ जूनला अहमदाबादला झाला.

खरी अडचण या नऊ दिवसांनी केली. परदेशी खेळाडूंना त्यांच्या मंडळांकडून मिळालेले ना हरकत प्रमाणपत्र मूळ वेळापत्रकापुरतेच असते. ११ जूनला कसोटी अजिंक्यपदाची अंतिम लढत होती, तर इंग्लंड-वेस्ट इंडिज मालिका मे अखेरीस सुरू होत होती. त्यामुळे मुंबई इंडियन्सला प्लेऑफसाठी रिकल्टन, बॉश आणि जॅक्स यांच्या जागी बेअरस्टो, ग्लीसन आणि असलंका यांना घ्यावे लागले. असे तात्पुरते खेळाडू घ्यायला नियम सैल केले, पण त्यांना पुढच्या हंगामासाठी राखून ठेवता येणार नाही अशी अट घातली. ती योग्यच होती. नाहीतर आपत्तीच्या आडून लिलाव टाळण्याची वाट उघडली असती.

विम्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. कार्यक्रम रद्द होण्याच्या नेहमीच्या पॉलिसीत युद्ध वगळलेले असते आणि दहशतवादासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो. पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या आयोजकाने आधी वगळलेल्या गोष्टींचे पान वाचावे.

२०२२ मध्ये चेल्सीला तिकिटे विकायलाही बंदी होती. युद्ध युक्रेनमध्ये, मग लंडनच्या क्लबला शिक्षा का? आणि खुद्द युक्रेनचे क्लब कसे जगले?
— एक फुटबॉलप्रेमी, मंगळवार पेठ

शिक्षा मालकाला होती. १० मार्च २०२२ रोजी ब्रिटनने चेल्सीचे रशियन मालक रोमान अब्रामोविच यांची मालमत्ता गोठवली आणि क्लब त्या मालमत्तेतच मोडत होता. सरकारने खास परवाना दिला म्हणून सामने तरी झाले. परवान्यानुसार पगार देता येत होते, मात्र नवी तिकिटे, दुकानातली विक्री, खेळाडूंची खरेदी-विक्री आणि नवे करार बंद. बाहेरगावच्या सामन्याच्या प्रवासाला २० हजार पौंडांची मर्यादा. घरच्या सामन्याच्या खर्चाची मर्यादा आधी ५ लाख होती, पुढे ती ९ लाख पौंड केली. जर्सीवरच्या मोबाइल कंपनीनेही प्रायोजकत्व थांबवले. सगळ्यात जास्त नडली ती नव्या करारांवरची बंदी. रुडिगर आणि क्रिस्टन्सन यांची मुदत जूनमध्ये संपत होती आणि ते दोघेही फुकटात स्पेनला गेले. ३० मे रोजी क्लब अडीच अब्ज पौंडांना विकला गेला. ती रक्कम मालकाच्या हाती न पडता गोठवलेल्या खात्यात गेली.

युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्क या क्लबची कथा याहून कठीण आहे. २००९ मध्ये उघडलेले पन्नास हजार प्रेक्षकांचे दोनबास अरेना हे घरचे मैदान त्यांना दोनेत्स्कमध्ये लढाई पेटल्याने २०१४ मध्येच सोडावे लागले. लविव, खार्किव, कीव असे करत २०२३-२४ मधले चॅम्पियन्स लीगचे ‘घरचे’ सामने त्यांनी हॅम्बर्गमध्ये खेळले आणि तिथे बार्सिलोनालाही हरवले. २०२२ मध्ये फिफाने युक्रेनमधल्या परदेशी खेळाडूंना करार तात्पुरते स्थगित करून दुसरीकडे जायची मुभा दिली. जिवाच्या दृष्टीने ते रास्तच होते. मात्र ज्यांच्या विक्रीवर क्लब जगतो ते खेळाडू एक युरोही न देता निघून गेले आणि क्रीडा लवादाने शाख्तारचा दावा फेटाळला. ज्या क्लबांना हे खेळाडू आयते मिळाले, त्यांच्याकडून थोडी तरी भरपाई घ्यायला हवी होती असे आमचे स्पष्ट मत आहे. क्लब तरला तो घरच्या पोरांवर. जानेवारी २०२३ मध्ये युक्रेनचाच मुद्रिक चेल्सीला गेला तो ७ कोटी युरो अधिक बोनसवर.

गावच्या यात्रेच्या मैदानात नंबर एकच्या कुस्तीला इराणी मल्ल आणायचा आहे. तिकडच्या तणावामुळे काय काळजी घ्यावी?
— यात्रा कमिटीचे एक सदस्य, कागल तालुका

आधी व्हिसा. पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन लढता येत नाही. एका मैदानापुरता करार असेल तर बिझनेस व्हिसा, आणि एखाद्या संघाने ठरावीक मुदतीसाठी करारबद्ध केले तर एम्प्लॉयमेंट व्हिसा. निमंत्रणपत्रात मैदानाची तारीख, ठिकाण, मानधन आणि राहण्याची व्यवस्था स्पष्ट लिहा. मल्ल तालमीत उतरो वा कोणाच्या घरी, परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद २४ तासांत करायची जबाबदारी यजमानाची आहे. गावोगावी हीच गोष्ट राहून जाते.

दुसरी गोष्ट पैशांची. इराणच्या बहुतेक बँका निर्बंधांमुळे स्विफ्ट या देशोदेशींच्या बँकांना जोडणाऱ्या यंत्रणेबाहेर आहेत. त्यामुळे ‘कुस्ती झाली की खात्यावर पाठवतो’ हा शब्द देऊ नका, तो पाळता येणार नाही. पैसे कोणत्या मार्गाने देता येतील ते परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेकडून करारापूर्वीच लेखी घ्या. एका प्रसंगासाठी एकाकडून २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेणे कायद्याने बंद आहे, हे इनामाच्या बाबतीतही ध्यानात ठेवा.

परदेशी खेळाडूच्या मानधनातून २० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे २०.८ टक्के कापून भरावे लागतात. कमिटीकडे टॅन (कर कापून भरणाऱ्याला लागणारा) नंबर नसेल तर तो आधी काढा. वाद होतो तो ‘हातात किती’ यावर. एक लाखाचे मानधन ठरले तर मल्लाच्या हाती ७९,२०० पडतात. हातात पूर्ण लाख द्यायचे ठरले असेल, तर कमिटीचा खर्च १,२६,२६३ रुपये होतो. करारात ‘करपूर्व’ की ‘करोत्तर’ हा एक शब्द नसेल तर मैदानादिवशी वस्ताद आणि कमिटी समोरासमोर येतात.

तिसरे, प्रवास. १३ जून २०२५ रोजी इस्रायलच्या हल्ल्यानंतर इराणचे हवाई क्षेत्र एकाएकी बंद झाले होते. म्हणून मल्लाला मैदानाच्या चार-पाच दिवस आधीच आणा आणि परतावा मिळणारेच तिकीट काढा. त्याच तोडीचा देशी मल्ल राखीव ठेवा. राखीव मल्लाला कुस्ती लागो न लागो, ठरलेली रक्कम द्या. नुसत्या शब्दावर कोणी दुसरे मैदान सोडत नाही. पोस्टर छापताना ‘अपरिहार्य कारणास्तव जोडीत बदल होऊ शकतो’ ही ओळ बारीक नको, ठळक असू द्या. प्रेक्षक इराणी मल्लाच्या नावावर आलेला असतो.

मुलगी ५० मीटर रायफलचा सराव करते. काडतुसे महागली आणि वेळेवर मिळतही नाहीत. याचा युद्धाशी संबंध आहे का?
— एक पालक, राधानगरी तालुका

आहे. स्पर्धेच्या दर्जाची पॉइंट टू टू काडतुसे मुख्यतः इंग्लंड आणि जर्मनीतून येतात. युक्रेन युद्धानंतर युरोपात काडतुसातल्या दारूसाठी लागणारे नायट्रोसेल्युलोज आणि पितळ लष्करी मागणीकडे वळले. १० मीटर एअर रायफलच्या छर्‍यांत दारूच नसते, त्यामुळे तिथे हा फटका बसत नाही.

स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्य मिळवले त्या थ्री पोझिशन प्रकारात पात्रता फेरीच ६० गोळ्यांची असते. त्याआधी नेम जुळवून घेण्याच्या (साइटिंगच्या) गोळ्या वेगळ्या. म्हणजे ५० चा एक डबा पुरतच नाही, दोन लागतात. तुटवड्यात पालक जो लॉट (एकाच वेळी बनलेल्या काडतुसांची खेप) मिळेल तो घेतात आणि चूक तिथेच होते. प्रत्येक नळीला विशिष्ट लॉटच मानवतो. रायफल शिकंज्यात बसवून प्रत्येक लॉटचे १०-१० गोळ्यांचे चार गट मारा, ज्याच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ लागतात तो लॉट परवान्याच्या मर्यादेत हंगामापुरता घ्या आणि तो फक्त स्पर्धेसाठी ठेवा. सरावाला स्वस्त काडतूस चालेल, पण स्पर्धेच्या आठवडाभर आधी स्पर्धेच्याच लॉटवर या.

मोहन बागान इराणला खेळायला गेले नाही म्हणून स्पर्धेबाहेर पडले. हा अन्याय नाही का?
— एक वाचक, शिवाजी पेठ

ऑक्टोबर २०२४ मध्ये तब्रिझला न गेल्याने आशियाई फुटबॉल महासंघाने त्यांची माघार धरली. पुढच्या हंगामात इस्फहानच्या सामन्यालाही तेच झाले. खेळाडूंची भीती खोटी नव्हती. पण त्रयस्थ ठिकाणी सामना हलवण्याचा अधिकार महासंघाचा असतो, क्लबचा नाही. तो निर्णय होण्याआधी विमान न पकडणे म्हणजे नियमांच्या भाषेत माघारच.

आमच्या मंडळाच्या फुटबॉल स्पर्धेसाठी प्रायोजक मिळाला आहे. अशा परिस्थितीत स्पर्धा थांबली तर पैसे परत द्यावे लागतील का?
— एका तालीम मंडळाचे पदाधिकारी, कोल्हापूर

करारात काहीच लिहिलेले नसेल तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ५६ लागू होते. स्पर्धा घेणे अशक्य झाले तर करार संपतो. मात्र खर्च वाढला किंवा गर्दी घटली, हे अशक्य होणे नव्हे. त्यानंतर कलम ६५ येते. घेतलेला लाभ परत करावा लागतो. तोवर मंडप, जर्सी आणि बक्षिसांवर पैसे खर्च झालेले असतात आणि मंडळ अडचणीत येते.

म्हणून रक्कम टप्प्यांनी घ्या. सहीवेळी ४० टक्के, उद्घाटनाला ४०, अंतिम सामन्यानंतर २०. आणि हे कलम करारात घाला : ‘युद्ध, दहशतवादी कृत्य, सरकारी आदेश किंवा पोलीस परवानगी रद्द झाल्यामुळे स्पर्धा थांबल्यास मंडळ ६० दिवसांत उरलेले सामने घेईल. तेही शक्य न झाल्यास झालेल्या सामन्यांच्या प्रमाणात रक्कम मंडळ ठेवील. पावत्यांसह दाखवलेला छपाई व जर्सीचा खर्च वजा करून बाकी रक्कम ३० दिवसांत परत करील.’ सरकारी आदेश आणि पोलीस परवानगी हे शब्द गाळू नका. स्पर्धा थांबते ती बहुतेक वेळा याच कागदामुळे.