बंदुका असूनही शांतिसेना गावकऱ्यांना का वाचवू शकत नाही?

मी पारोळा तालुक्यातला, निवृत्त फौजी. काँगोच्या उत्तर किवू प्रांतात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो. तुमचा प्रश्न गावात पारावरही विचारतात, जरा जास्त तिखट शब्दांत.

अंतराचं कारण सगळेच देतात आणि ते खोटं नाही. पावसाळ्यात तोरणमाळकडच्या पाड्यांवर जाऊन बघा. काँगोत बहुतेक वर्षभर तीच गत. हल्ला रात्रीचा, तासाभरात आटोपणारा. आम्ही पोचेपर्यंत धूर.

पण उत्तर किवूतल्याच किवांजा गावाचं काय? नोव्हेंबर २००८ मध्ये तिथे सुमारे १५० माणसं मारली गेली, शांतिसेनेच्या तळापासून दीड किलोमीटरच्या आत. मला विचाराल तर खरं दुखणं हुकुमाचं आहे. १९९९ च्या सिएरा लिओन मोहिमेपासून सुरक्षा परिषद नागरिकांच्या रक्षणाचं काम स्पष्ट सोपवते, पण सोबत 'क्षमतेनुसार' अशी पळवाटही ठेवते. शिवाय तुकडीच्या कमांडरला मालक दोन: मोहिमेचं मुख्यालय आणि आपल्या देशाची राजधानी. जवान मेला तर जाब राजधानी विचारते. गावकरी मेला तर अहवाल लिहिला जातो. संयुक्त राष्ट्रांच्याच २०१४ च्या तपासणीत २०१० ते २०१३ मधल्या ५०७ घटनांपैकी जेमतेम २० टक्क्यांत तात्काळ हालचाल झाल्याचं निघालं.

खबरीचा घोळ वेगळाच. गावचा मुखिया फोन करायचा, आमचा स्थानिक सहायक स्वाहिलीतून सांगायचा: टेकडीपलीकडे बंदूकवाले दिसले. कोणाचे? एम-२३ हे बंडखोर, माई-माई या स्थानिक सशस्त्र टोळ्या, की सरकारी शिपाईच? बरं, आम्ही दिवसाढवळ्या मुखियाच्या अंगणात गाडी लावून गप्पा मारल्या, की रात्री त्याच्याच दारावर थाप पडायची भीती.

जमायचं ते एवढंच: बाजाराच्या दिवशी कपाळाला पट्टा लावून पाठीवर ओझं वाहणाऱ्या बायकांमागून गाडी पायी चालीने न्यायची. त्या दिवशी रस्त्यात कोणी अडवायचं नाही.

आणि सगळेच बघत बसतात असंही नाही, भाऊ. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात तळांची फाटकं उघडली, हजारो लोक आत घेतले, जगले. अकोबोच्या छोट्या तळावर मात्र सशस्त्र जमाव घुसला. आसऱ्याला आलेल्यांसोबत आपले दोन जवान गेले.